मांजर, कुत्रे आणि माळ्याच्या फळ्या

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. त्यामुळे आपल्याकडील जुन्या कौलारू घरांत लाकडाचा वापर सढळ हाताने झालेला दिसतो. सागवानाच्या चौकटी, साजाचे खांब, सरईच्या तुळया आणि त्यांवर फळ्यांचा माळा. या माळ्यावर धानाच्या ढोल्या असतात, बियाणे असते, कधी मुलांची अंथरुणेही असतात. धान आले की उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येते आणि दाराशी राखणीला कुत्रा असतोच. मग काही दिवसांनी घरातील माणसांची तक्रार सुरू होते. माळ्यावर वास येतो, फळ्या काळ्या पडल्या, उंबरठा ओरबाडला गेला.

अशा वेळी दोन टोकाचे उपाय सुचविले जातात. एक, मांजराला पोत्यात घालून दूर सोडून देणे. दुसरा, फळ्या उखडून विकणे व तेथे सिमेंट किंवा टाईल्स घालणे. आम्हांला हे दोन्ही उपाय तोट्याचे वाटतात. मांजर गेले की उंदीर वाढतात, आणि उंदीर धानही खातात, लाकूडही कुरतडतात व रोगही आणतात. जुन्या सागाच्या फळ्या एकदा गेल्या की तशा फळ्या आजच्या भावात पुन्हा घेणे साध्या शेतकऱ्याला जड जाते. मूळ कारण समजून वेळीच काम केले तर जनावरही राहते व लाकूडही राहते. ते कसे, हे या लेखात सांगत आहोत. ज्यांच्या घरी माळा नाही त्यांनाही चौकट, जिना, पलंग व बाक यांसाठी हीच माहिती उपयोगी पडेल.

खरे नुकसान कशाने होते?

पुष्कळांना वाटते की नखांनी लाकूड खराब होते. नखांचे ओरखडे डोळ्यांना दिसतात, म्हणून तसे वाटते. सागवान टिकाऊ असले तरी फार कठीण नाही. त्यावर कुत्र्याच्या नखाची रेघ सहज उठते. सरई व साजा त्याहून कठीण आहेत. परंतु ओरखडा बहुधा वरच्या पॉलिशपुरताच असतो. त्याने फळी कुजत नाही. फळीचा खरा शत्रू मूत्र आहे. ते फळ्यांच्या सांध्यांतून आत उतरते, तेथे दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि नखांच्या ओरखड्यांतूनही लाकडात शिरते. म्हणून आधी मूत्राचा बंदोबस्त व मग ओरखड्यांचा, हा क्रम लक्षात ठेवावा.

मूत्रात युरिया असतो. आपण शेतात टाकतो तोच हा पदार्थ. ओल मिळाली की सूक्ष्म जंतू त्याचा अमोनिया वायू करतात. बंद गोठ्यात सकाळी शिरल्यावर डोळे चुरचुरतात ते याच वायूमुळे. अमोनिया पॉलिश मऊ करतो व लाकडाचा रंग गडद करतो. अमेरिकेतील गुस्ताव स्टिकली हा फर्निचर बनविणारा १९०० च्या सुमारास ओकचे लाकूड मुद्दाम अमोनियाच्या वाफेत ठेवून गडद करीत असे. तो जे हौसेने करी, तेच मांजर आपल्या माळ्यावर नकळत करते.

काळ्याकुट्ट डागाचे कारण आणखी वेगळे आहे. लाकडात एक तुरट द्रव्य असते. हर्र्याच्या फळातही तेच असते. हर्रा व लोखंड एकत्र भिजवले की काळा रंग तयार होतो, हे जुन्या रंगाऱ्यांना चांगले ठाऊक होते. फळीवरही हेच घडते. मूत्राची ओल खिळ्यापर्यंत पोचली की लोखंड व तुरट द्रव्य मिळून खिळ्याभोवती काळे वर्तुळ उमटते.

मांजराच्या मूत्राची आणखी एक खोड आहे. त्यात युरिक आम्लाचे बारीक कण असतात व ते पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत. फळी धुतली, वाळली, वास गेला असे वाटते. पण पावसाळ्याची दमट हवा सुटली की तोच वास परत येतो. जनावराला तो वास आपल्याआधी लागतो आणि ते पुन्हा त्याच जागी बसते.

पहिला तास महत्त्वाचा

फळी ओली दिसताच पुढीलप्रमाणे करावे :

१. जुन्या सुती कापडाने दाबून ओल टिपून घ्यावी. घासू नये, घासल्याने मूत्र पसरते व सांध्यांत उतरते. कापड कोरडे निघेपर्यंत बदलत राहावे.

२. बादलीभर पाणी ओतू नये. पाण्याबरोबर मूत्र फळीखाली जाते. पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने दोनदा पुसावे.

३. एक भाग पांढरा सिरका व एक भाग पाणी असे मिश्रण कापडावर घेऊन ती जागा हलकेच पुसावी. सिरक्याच्या आंबटपणाने अमोनिया मारला जातो. लगेच साध्या ओलसर कापडाने व नंतर कोरड्या कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर पॉलिशची चमक जाते.

४. जागा पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरावा, रात्रभर ठेवावा व सकाळी झाडून घ्यावा. सोडा आणि सिरका एकत्र ओतू नये. दोघे एकमेकांना निकामी करतात आणि हाती काहीच लागत नाही.

५. खिडकी उघडून वारा लागू द्यावा. त्या जागी चटई, गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरू नये. खाली ओल कोंडते व तेथेच बुरशी धरते.

शहरातील दुकानांत पाळीव जनावरांचे डाग काढण्याची एन्झाइमची द्रावणे मिळतात. ती युरिक आम्लाचे विघटन करतात व मांजराच्या वासावर खरोखर उपयोगी पडतात. मात्र ती डागावर बाटलीवर सांगितलेला वेळ ओली राहिली पाहिजेत. लावून लगेच पुसली तर पैसे वाया जातात.

हे करू नये

ब्लीचिंग पावडर मूत्रावर कधीही टाकू नये. तिचा अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू निघतो. माळ्यासारख्या कोंदट जागेत तो फुफ्फुसांना घातक ठरतो. ब्लीचिंग पावडरमध्ये सिरका किंवा संडास साफ करण्याचे आम्ल मिसळणे तर त्याहून धोक्याचे.

फिनाईलचा वापर आपल्याकडे सरसकट होतो. काळ्या फिनाईलमधील द्रव्ये मांजराला विषारी असतात. मांजर त्यावरून चालते, मग पाय चाटते आणि विष पोटात जाते. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावणही वापरू नये. त्याचा वास जनावराला मूत्रासारखा वाटतो व ते पुन्हा तेथेच येते. लाकडावर रॉकेल चोपडण्याची सवयही सोडावी. त्याने वास झाकला जातो, डाग जात नाही, आणि ज्या माळ्यावर तनस किंवा बारदाना आहे तेथे आगीची भीती वाढते.

जुना काळा डाग

प्रथम फळी तपासावी. दाभण किंवा टोकदार खिळा डागात दाबून पाहावा. लाकूड कणखर लागले तर फळी वाचते. टोक मऊ मातीत शिरावे तसे शिरले तर फळी कुजली आहे. तेवढा तुकडा वाढईकडून बदलून घ्यावा. कुजलेल्या ओल्या लाकडाकडे वाळवी लवकर वळते, म्हणून यात कंजुषी करू नये. बदलण्यासाठी नवे सागवान आणण्यापूर्वी घरात पडलेली जुनी चौकट किंवा मोडका पलंग पाहावा. जुने, मुरलेले लाकूड जुन्या फळीला चांगले जुळते.

फळी शाबूत असेल तर डागावरचे पॉलिश काचपेपरने काढावे. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासावे. आधी ८० नंबर, मग १२० व शेवटी १८०. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा. पुष्कळसा डाग एवढ्यानेच उतरतो.

उरलेला तपकिरी, पिवळट डाग असेल तर औषधाच्या दुकानातील ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड कापडाला लावून ते कापड डागावर ठेवावे व वरून प्लॅस्टिक झाकावे. दर तासाला उघडून पाहावे. रंग हवा तेवढा उतरला की कापड काढून ओल्या फडक्याने पुसावे. त्याने लाकूडही फिके पडते, म्हणून जास्त वेळ ठेवू नये.

खिळ्याभोवतीच्या काळ्या वर्तुळावर ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडते. ते रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लॅस्टिकच्या भांड्यात १ लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम घालून ब्रशने लावावे, अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढावे. हे पोटात गेल्यास विष आहे व मूत्रपिंडे निकामी करते. हातमोजे घालावेत, उरलेले द्रावण मुलांच्या व जनावरांच्या हाती लागू देऊ नये, स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. फळीवर पांढरी पूड सुकून राहिली असेल तर ती कोरडी घासू नये, ओल्या फडक्यानेच टिपावी. पेरॉक्साइड, सिरका व हे आम्ल ही तिन्ही वेगवेगळी वापरावीत, कधीही एका भांड्यात मिसळू नयेत.

लाखेचा लेप

डाग गेला तरी वास आत राहतो. तो कोंडून टाकण्यास आपल्याच जिल्ह्यातील एक वस्तू उपयोगी आहे, ती म्हणजे लाख. पळस व कुसुम या झाडांवर ती वाढते. लाखेपासून केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर लावला की वास बाहेर येत नाही. १ लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२५ ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवावा, मधूनमधून हलवावा. पूर्ण विरघळल्यावर दोन-तीन दिवस बरणी जागची हलवू नये. चपड्यातील मेण तळाशी बसते. वरचा निवळ भाग तेवढा ओतून घ्यावा. मेण राहिले तर पुढचा वॉर्निशचा हात नीट धरत नाही.

याचे दोन पातळ हात द्यावेत. मात्र लाखेवर थांबू नये. लाख वास कोंडते खरी, पण अमोनियापुढे ती स्वतः टिकत नाही; पुन्हा मूत्र पडले की विरघळू लागते. म्हणून ती वाळल्यावर बारीक काचपेपर हलकेच फिरवून वर चांगल्या वॉर्निशचे किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत. काम संपल्यावर फळीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेप चांगला आहे. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला तर आणखी एक हात हवा. हीच परीक्षा दरवर्षी करावी.

स्पिरिट पेट घेणारे व विषारी असते. चूल, बिडी, दिवा जवळ नसावा. तसेच काही लोक साध्या फळ्यांना जवसाचे तेल लावतात. तेल चांगलेच, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. माळ्यावर तनस असेल तर केवढा अनर्थ! अशा चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हे सारे काम पावसाळ्यात करू नये. लाकूड फुगलेले असते व लेपाखाली ओल अडकते. धानाची कापणी आटोपली, हवा कोरडी झाली आणि नाताळापूर्वीची घराची सारवण-रंगरंगोटी सुरू झाली की तेव्हाच हे काम उरकावे.

ओरखडे

उजेडात तिरके पाहिल्यावरच दिसणारा ओरखडा पॉलिशपुरता असतो. लाखेच्या मेणाने किंवा फर्निचरच्या मेणाने घासला की बुजतो. नखाला खाच लागत असेल तर तेवढी जागा काचपेपरने घासून पुन्हा लेप द्यावा. खोल खाचेत त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरावा, वाळल्यावर घासावे. आरामशीनवर असा भुसा सहज मिळतो.

पण ओरखडे थांबविणे हे ते बुजविण्याहून सोपे आहे. कुत्र्याची नखे दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कापावीत. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबावे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून टोकच काढावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. कुत्रा दारावर पाय मारीत असेल तर दाराच्या खालच्या भागाला पत्रा ठोकावा.

मांजर खोडीने ओरबाडत नाही. नखांची जुनी साल काढण्यासाठी व आपली जागा ठरविण्यासाठी ते ओरबाडते. त्याला मारून ही सवय सुटत नाही. सालीसकट अडीच-तीन फुटांचा ओंडका, किंवा सुतळी गुंडाळलेला खांब, ज्या चौकटीला ते ओरबाडते तिच्या शेजारीच घट्ट उभा करावा. ओंडका डुलता कामा नये. बहुतेक मांजरे काही दिवसांत तिकडे वळतात.

जनावर घरातच का बसते?

कारण शोधल्याशिवाय फळी कितीही घासली तरी उपयोग नाही. वयात आलेला बोका उभ्या खांबावर मूत्राची पिचकारी मारतो. ती त्याची हद्द सांगण्याची रीत आहे. पाच-सहा महिन्यांच्या वयात पशुचिकित्सालयात नसबंदी करून घेतली तर ही खोड बहुतेक वेळा लागतच नाही.

मांजराला मोकळी, उकरता येईल अशी जागा हवी असते. माळ्याच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू किंवा वाळू व लाकडाचा भुसा ठेवावा. रोज विष्ठा काढावी. घमेले घाण झाले की मांजर फळीच निवडते. कुत्र्याच्या पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व रात्री निजण्यापूर्वी बाहेर न्यावे. बाहेर बसल्यावर लगेच शाबासकी द्यावी. घाण केल्यावर तासाभराने मारणे किंवा त्याचे नाक त्यात घासणे व्यर्थ आहे. त्याला कारण कळत नाही, भीती तेवढी बसते, आणि घाबरलेले जनावर आणखीच घरात मुतते. पाण्याचे वाडगेही फळीवर नुसते ठेवू नये. मूत्राचा म्हणून समजला जाणारा डाग पुष्कळदा सांडलेल्या पाण्याचाच असतो.

शहाणे, सवय लागलेले जनावर अचानक घरात मुतू लागले तर ते आजारी असण्याचा संभव आहे. जास्त पाणी पिणे व वारंवार मूत्र होणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे लक्षण असते. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल तर मूत्रमार्ग बंद झाला आहे असे समजावे. एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. त्याच दिवशी त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

घरच्यांच्या आरोग्यासाठी

उंदीर व कुत्रे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसाला होतो. जखमेतून किंवा भेगाळलेल्या पायांतून जंतू शिरतात. चिखलात रोवणी करणाऱ्यांना हा धोका आधीच असतो. म्हणून डाग पुसताना हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. जोराचा ताप, पोटऱ्यांचे दुखणे, लाल डोळे किंवा कावीळ दिसल्यास दवाखान्यात जावे आणि घरात उंदीर, कुत्रे आहेत हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरतो व तो पोटातील बाळाला इजा करू शकतो. गरोदर स्त्रीने मांजराचे घमेले साफ करू नये. त्यातील बीजे रोगकारक होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या कोणी ते रोज साफ केल्यास धोका पुष्कळ कमी होतो.

नखे कापताना किंवा मारताना जनावर चावते. कुत्रा असो वा मांजर, चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, मिरची, चुना लावून घरी बसू नये. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही. पण वेळेवर लस घेतल्यास तो टाळता येतो. आपल्या कुत्र्या-मांजरांना तीन महिन्यांच्या वयात पहिली व पुढे दरवर्षी लस टोचून घ्यावी.

शेवटी एवढेच सांगतो की, महिन्यातून एकदा दिवा घेऊन माळ्यावर चढावे, ढोल्यांच्या मागे पाहावे, सांधे तपासावेत. ताजी ओल एका कापडाने निघते. वर्षभर मुरलेल्या ओलीसाठी मात्र वाढई बोलवावा लागतो. मुके जनावर आपल्या धानाची व दाराची राखण करते. त्याला योग्य जागा, स्वच्छ घमेले व वेळेवर लस देणे हे आपले काम आहे. आपण आपले काम केले तर वाडवडिलांनी घातलेल्या फळ्या आपल्या नातवंडांनाही पुरतील.